रकाना सात

एका फॉर्मचे अठरा रुपये.
ठवकर सरांनी चाळीस फॉर्म दिले, एक क्लिपबोर्ड,
आणि बजावलं : नागपूरकराला विचारायचं नाही,
बाहेरचाच हवा.

तान्ह्या पोळ्याचा दिवस. चितार ओळीत
लाकडी बैल रांगेनं उभे,
मुठीएवढे, मांजरीएवढे,
आणि एक तर टेम्पोशिवाय न हलणारा.
शिंगांना बेगड, रंग अजून बोटाला लागतो.
बाहेरचा कसा ओळखायचा?
मारबत दिसायच्या आधी ज्याचा मोबाईल वर जातो, तो.
पोह्यावर तर्री पडताना जो 'बस, बस' म्हणतो, तो.

पुण्याचं जोडपं. हॉटेल, दोन रात्री, साडेसहा हजार.
खरेदी : शून्य.
"घेणार काय? जे बघायला आलो
ते तर तुम्ही जाळून टाकता."

अमरावतीच्या पाच जणी. मुक्काम मावसबहिणीकडे, शून्य.
खरेदी मात्र फॉर्मात मावेना.
संत्रा बर्फीचे अकरा डबे, बांगड्या,
मावसबहिणीच्या नातवाला बैल, तोही पितळी घुंगरांचा.
"तिच्या घरी जेवलो नं बाप्पा,
रिकाम्या हातानं निघू काय?"
वाचलेलं भाडं असं फिरून बाजारातच येतं,
हे मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं.
मागची बाजू कुणी वाचत नाही.

दुपारी एक सर आली (ठवकर नव्हे),
अख्खी गर्दी पत्र्यांखाली कोंबली गेली.
आलुबोंड्याचा दुसरा घाणा संपला, तिसरा संपला,
लोक भूक नसताना खात होते,
उभं राहण्याचं भाडं दिल्यासारखे.
पावसाला फॉर्मात रकाना नाही.

मग नेटवर्क गेलं.
उचललेले बैल लोकांनी हळूच खाली ठेवले,
दुकानदारीण फोन आभाळाकडे धरून उभी,
जशी काही आभाळातूनच रक्कम यायची होती.

चाळिसावा माणूस भिंतीला टेकून होता.
सुखचंद उईके, बैहर, जिल्हा बालाघाट.
खिशात रोख. पायात चप्पल, एका अंगठ्याची तुटकी.
"ये लोग क्या चिल्ला रहे हैं?" त्यानं विचारलं.
काळी मारबत तेव्हाच वळणावर आली होती,
ढोलांनी कान बंद, पोट्टे खांद्यांवर.
मी कानाशी ओरडून सांगितलं,
रोगराई घेऊन जा म्हणतात, तिला.
तो काही बोलला नाही.
मारबत अगदी समोर आली तेव्हा
तोंडाशी दोन्ही हात नेऊन काहीतरी ओरडला,
त्याच्या बोलीत. मला कळलं नाही,
विचारावंसंही वाटलं नाही.

बैल घेतला. दोनशे साठ सांगितले, दोनशे साठ दिले.
दिवसभरात भाव न करता घेणारा
हा एकटाच.

रकाना चार, भेटीचं कारण :
उत्सव, नातेवाईक, व्यवसाय, उपचार.
बायको मेडिकलमध्ये, तो म्हणाला, वॉर्ड नंबर तेवीस,
चार वाजेपर्यंत तपासणी, आत बसू देत नाहीत,
आवाज आला म्हणून चालत आलो. इतकं लांब.
फॉर्मवर बारीक अक्षरात छापलं होतं :
उपचार असल्यास मुलाखत थांबवावी.

मी थांबवली. म्हणजे पेन बंद केलं.
अठरा रुपये गेले.
तरी रकाना सात तोंडीच विचारला,
खर्चाचं मुख्य कारण?

बैल त्यानं या हातातून त्या हातात घेतला.
मी हिंदीतच विचारलेलं, तो हिंदीतच बोलला, सावकाश.
ती विचारेल, बाहेर एवढं काय वाजत होतं.
मला सांगता येत नाही नीट.
आमचं असंच आहे, ती विचारते आणि मी चुकतो.
हा दाखवीन.

मग त्याला एकच शंका होती :
वॉर्डात नेऊ देतील का?
चाकं वाजतात, म्हटलं,
जमिनीवर ठेवू नका.